आमच्याकडे सूट मिळत नाही

४ मार्च, मंगळवार

दुकान उघडून काउंटर पुसत होते, तेवढ्यात शाळेच्या बसचा ड्रायव्हर आत आला. 'ताई, तो नव्वद टक्केवाला गॉगल दाखवा.' मला वाटलं, थट्टा करतोय. गल्ल्याच्या वर बाबांनी रंगवून घेतलेली पाटी अजून आहे — 'आमच्याकडे सूट मिळत नाही. नंबर बरोबर मिळतो.' मी पाटीकडे बोट दाखवलं, तर त्याने मोबाइल काढून माझ्या नाकासमोर धरला. माझंच नाव, माझाच फोटो, आणि खाली काळ्या गॉगलांची रांग. फक्त आजचा दिवस. लिंक उघडा.

'हे मी पाठवलेलं नाही,' म्हटलं.

'फोटो तर तुमचाच आहे.'

त्याला बसवून समजावलं. त्याला पटलं असं वाटत नाही. जाताना म्हणाला, 'स्टॉक संपला असेल तर तसं सांगा की.'

दुपारपर्यंत असेच आणखी काहीजण. दंतवैद्याच्या खात्यावरून गॉगल विकले असते तर लोकांना लगेच कळलं असतं, काहीतरी घोळ आहे. पण मी पडले चष्मेवाली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं त्या चोराचं झालं.

मला स्वतःच्या खात्यात शिरता येत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. 'माझं खातंच नाही, चोरणार काय?' म्हणाला. जणू फार मोठी कर्तबगारी.

हे कसं झालं ते मला ठाऊक आहे. आज लिहीत नाही.

५ मार्च, बुधवार

लेकीला फोन केला. ती परगावी असते, दिवसभर कंप्युटरसमोरच. तिने आधी मला झापलं, मग मदत केली. आमच्या घरात हाच क्रम आहे.

'कुठली लिंक उघडलीस?'

'मी? छे.'

'आई, चोर भिंतीतून येत नाही. दार तू उघडलंस.'

'असेल. आठवत नाही.'

मग खातं परत मिळवायचा सोहळा. मी म्हणजे मीच, हे चेहरा दाखवून पटवायचं. मोबाइल समोर धरायचा आणि तो सांगेल तिकडे बघायचं. पहिलीच सूचना — चष्मा काढा. काढला. पुढची सूचना वाचता येईना! लावला की मोबाइल रुसतो, काढला की मला दिसत नाही. शेवटी फिटरला शेजारी उभं केलं. फिटर म्हणजे आमच्याकडे फ्रेममध्ये काचा बसवणारा, बाबांच्या काळापासूनचा. खरं तर त्याच्यापुढे आम्हीच नवीन. तो वाचणार, मी मान वळवणार. 'ताई, डावीकडे. ताई, वर. ताई, आता हसा म्हणतोय.' मी हसले. हसायला कुणी सांगितलंच नव्हतं, हे मागाहून कळलं. तो आपला तोंड फिरवून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी गरम करत बसला होता.

संध्याकाळी खातं मिळालं. पासवर्ड बदलला. लेकीने सांगितल्याप्रमाणे 'सगळीकडून बाहेर पडा' वर बोट ठेवलं, म्हणजे चोरही बाहेर पडला. गॉगलची जाहिरात काढली. पण ज्यांच्या मोबाइलवर ती निरोप म्हणून गेली, तिथे ती गेलीच. आता ती परत आणता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

खात्यावर सूचना टाकली — 'माझे खाते चोरीला गेले होते. गॉगलची लिंक उघडू नये. आमच्याकडे सूट मिळत नाही, पूर्वीही मिळत नव्हती.' तेच कागदावर लिहून दुकानाच्या काचेला चिकटवलं.

लोकांनी भराभर अंगठे दाखवले. खाली पहिलाच प्रश्न — 'ऑफर किती तारखेपर्यंत आहे?'

पालथ्या घड्यावर पाणी.

७ मार्च, शुक्रवार

आज बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, उरलेल्या अर्ध्याला नापास केलंय. काठी टेकत आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि मोबाइल काउंटरवर ठेवला, एखाद्या कारट्याची वही जप्त करून ठेवावी तसा.

'मी गॉगल विकते आहे म्हणे.'

त्यांनी माझी लिंक उघडली होती. उघडून पासवर्डही दिला होता. आता त्यांच्या खात्यावरून त्यांच्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना गॉगल गेलेत. आणि विद्यार्थी तरी कसले! बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर पन्नाशीच्या माणसांनीही निमूटपणे लिंक उघडली. त्यांच्याकडून पुढे कुणाकुणाकडे गेलं, कोण सांगणार.

मी म्हटलं, 'बाई, तुम्ही तरी बघून उघडायचं ना.'

'कशाला बघायचं? तुझ्या बाबांनी माझा पहिला चष्मा केला. तुमच्या दुकानातून आलंय म्हटल्यावर मी तपासत बसू?'

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी त्यांना चहा पाजला, त्यांचं खातं सोडवायला घेतलं, पण मान वर करून बोलवेना. बाबांनी जन्मभर जमवलेला विश्वास चोराने एका सकाळी काळ्या काचा लावून विकायला काढला. आणि किल्ली त्याला मी दिली.

८ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते. इथे कोण झापणार आहे?

मागच्या रविवारी दुपारी मोबाइल वाजला. दादाचा निरोप. माझा सख्खा थोरला भाऊ. बाबा गेल्यापासून आमच्यात एक शब्द नाही. त्याचं म्हणणं, पाटी बघून गिऱ्हाईक परत जातं, पाटी काढू. मी म्हटलं, पाटी निघाली तर मीही निघते. 'तुझी पाटी तुला लखलाभ,' म्हणाला आणि गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला ते मोठं काचेचं दुकान आहे ना, एका चष्म्यावर दुसरा फुकटवालं, तिथे नोकरीला लागला. त्याने फोन केला नाही, मी केला नाही. माघार कशी घ्यायची ते बाबांनी शिकवलंच नाही. सूट देत नव्हते ना.

दोनेक वर्षांमागे कधीतरी त्याच्या नावाने मैत्रीची विनंती आली होती. मी स्वीकारली. पुढे तोही गप्प, मीही गप्प. त्याच्या खात्यावर काही नसतंच. स्वतःचा फोटोसुद्धा नाही, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीचा आहे. मला वाटलं, नोकरीच्या ठिकाणी उघडायला लावलं असेल.

तर निरोप होता — 'बघ, या व्हिडिओत तूच आहेस ना?' आणि खाली लिंक.

मी किती जणांना सांगते, असलं काही उघडू नका. लेकीने मला तेच दहादा सांगितलंय. पण दादाने लिहिलं होतं. मला वाटलं, तो जुना व्हिडिओ सापडला असेल. दुकान नव्याने थाटलं तेव्हा कुणीतरी काढला होता. बाबा काउंटरमागे उभे, दादा शिडीवर चढून अक्षरांचा तक्ता लावतोय, मी खालून 'वाकडा आहे' म्हणून ओरडतेय. तो कुठे गेला कुणालाच माहीत नव्हतं. मी लिंक उघडली. पासवर्ड मागितला, दिला. पान पांढरं पडलं. नेट गेलं असेल म्हणून पुन्हा दिला. चोराला काही अडचण राहू नये!

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. मी उलट लिहिलं — 'दादा, व्हिडिओ उघडत नाही रे. बाबांच्या वेळचा आहे का?'

इतक्या वर्षांनी भावाशी बोलले आणि ते वाचलं कुण्या भामट्याने.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. मोबाइल कपाटात ठेवला. कपाट सारखं उघडून बघत होते.

११ मार्च, मंगळवार

लेकीला खरं सांगितलं. झापेल वाटलं होतं. पण म्हणाली, 'आई, मामाचं खातं आधीच चोरीला गेलेलं. हे निरोप यंत्रच पाठवतं, यादीतल्या सगळ्यांना. तुला एकटीला नाही आलेला. मनाला लावून घेऊ नकोस.'

मनाला लावून घेऊ नको म्हणजे काय, हेच तर मनाला लागलं. तो मोठ्या दुकानातला माणूस, रोज शंभर गिऱ्हाइकांशी बोलणारा. त्याच्या यादीत त्याचे साहेब असतील, फ्रेमचे एजंट असतील, वहिनीच्या माहेरचे असतील. सगळ्यांना एकच वाक्य गेलं. आणि त्या गर्दीत फक्त मी वेडी, जिने उत्तर लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

बाईंचं खातं सुटलं. सूचना त्यांनीच सांगितली, मी टाइप केली. 'गॉगलची लिंक मी पाठवलेली नाही. ज्यांनी ज्यांनी उघडली त्यांनी हात वर करावेत व पासवर्ड बदलावा. कारणे देऊ नयेत.'

दुपारपर्यंत खाली वर केलेल्या हातांची रांग लागली. त्यात एक जण पोलीस आहे. बाई म्हणाल्या, 'हा तेव्हाही न वाचताच उत्तरं लिहायचा.'

त्या जराशा हसल्या म्हणून मलाही हायसं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी पुन्हा मोबाइल वाजला. दादाच्या खात्यावरून. 'तू कशी आहेस?'

लगेच उत्तर लिहायला घेतलं, खोटं कशाला लिहू. मग आठवलं, लेकीने सांगून ठेवलं होतं, माणूस खरा की खोटा ते बघायचं तर त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार. मी विचार करून लिहिलं — 'गिऱ्हाईक आलं, नीट दिसत नाही म्हणालं. पहिलं काय करायचं?'

हे आम्हा दोघांना चालता-बोलता यायच्या आत शिकवलेलं. गिऱ्हाईक 'नीट दिसत नाही' म्हणालं की लगेच तपासायला बसवायचं नाही. आधी चष्मा आपल्या हातात घ्यायचा, काच पुसायची, परत द्यायचा. निम्म्या लोकांना तेवढ्यानेच दिसायला लागतं. उरलेल्यांचे डोळे मग बघायचे. पुसण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. बाबा म्हणायचे, नंबर वाढलाय हे सांगायची घाई कधी करू नये.

मोबाइलकडे बघत बसले. बसचा ड्रायव्हर फ्रेम घालून आरशासमोर उभा होता, त्याला 'छान दिसतेय' म्हणाले, न बघताच.

उत्तर आलं. 'प्रिय मित्र, मी तुमच्यासाठी एक महान ऑफर आहे.' आणि खाली गॉगल.

फार वाईट वाटलं. चोराचं काय, तो चोरीच करणार. पण तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात दादाशी बरंच बोलून घेतलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

फिटर म्हणाला, 'ताई, दादांचं खातं चोरीला गेलंय हे दादांना माहीत आहे का?'

हे मला सुचलंच नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

दादाचा नंबर तोंडपाठ आहे, हीच तर पंचाईत. विसरले असते तर एक सबब झाली असती. सकाळपासून दुकानातले सगळे स्क्रू आवळून झाले. मग म्हटलं, परक्या माणसाच्या नावाने कुणी गॉगल विकत असतं तरी आपण त्याला सांगितलंच असतं. लावला फोन.

उचलला वहिनीने. माझा आवाज ओळखला. मग घाबरून, 'सगळे बरे आहेत ना?'

'सगळे बरे आहेत. वहिनी, दादाच्या खात्यावरून लिंक येताहेत. त्याला सांगा, खातं चोरीला गेलंय, कुणी काही उघडू नका म्हणावं.' एका दमात बोलून टाकलं, निरोप्यासारखं.

'अगं, दोन आठवडे झाले, ते उघडतच नाही त्यांना. रोज हातात घेऊन बसतात आणि मोबाइल जुना झाला म्हणतात. मी म्हटलं, कुणाला तरी विचारा. तर म्हणे, विचारण्यासारखं कुणी नाही.'

तुम्ही कशा आहात, आम्ही बरे आहोत, असं दोन मिनिटं झालं. वहिनी म्हणाली, 'त्यांना देऊ का? आंघोळीला गेलेत, येतीलच इतक्यात.' मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय.

गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

१६ मार्च, रविवार

स्वतःलाच झापलं. मदत कुणी केली नाही.

१८ मार्च, मंगळवार

बाराच्या सुमारास बाईंच्या नव्या काचा तपासत होते. दार वाजलं. आधी बूट दिसले, मग चाल ओळखू आली. दादा. केस पार पांढरे झालेत. थेट माझ्याकडे आला नाही, गिऱ्हाइकासारखा काउंटरसमोर उभा राहिला. चष्मा काढून पुढे केला.

'नीट दिसत नाही हल्ली.'

मी चष्मा घेतला. कापड घेतलं. काच उजेडाकडे धरली. डाग नव्हता, धूळ नव्हती, घरून निघताना पुसून आणली असावी.

'काच स्वच्छ आहे,' म्हटलं.

'माहीत आहे. तरी पूस.'

पुसली. दोन्ही बाजूंनी, सावकाश. परत दिला. त्याने लावला आणि दुकानभर बघितलं — तक्ता, आरसा, पाटी. शेवटी माझ्याकडे. म्हणाला, 'बारीक झालीस, ठमे.'

ठमी मला फक्त तो म्हणतो. चोराला हे ठाऊक असतं तर त्याने सगळं दुकान नेलं असतं.

फिटरने न सांगता चहा आणला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दादाने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, 'तू ठीक करून देतेस असं ऐकलंय.' मग बसलो दोघे. चष्मा काढा, अशी सूचना आली. त्याने काढला, अर्थात पुढचं त्याला वाचता येईना. मी वाचत गेले. 'डावीकडे बघ. आता उजवीकडे. वर.' आणि मग, 'आता हस म्हणतोय.'

हसला. माझ्या पाठीमागे फिटरला खोकला आला.

खातं उघडलं. निरोपांत त्या लिंकखालीच माझं वाक्य — 'दादा, व्हिडिओ उघडत नाही रे. बाबांच्या वेळचा आहे का?' लपवायला वेळच मिळाला नाही. त्याने चष्मा लावून वाचलं.

'तो व्हिडिओ माझ्याकडे नाही, ठमे. असता तर कधीच पाठवला असता.'

'कळलं ते मला.'

'तक्ता वाकडाच लावला होता मी.'

'अजून वाकडाच आहे. कुणी काढला नाही.'

पाटीचं दोघांपैकी कुणी काही काढलं नाही. जाताना दारात थांबून तो पाटीकडे बघत राहिला. मला वाटलं, झालं, आता निघणार विषय. 'रंग उडालाय,' म्हणाला. 'रविवारी ब्रश घेऊन येतो.'

२० मार्च, गुरुवार

सकाळी घरूनच दादाला फोन केला. म्हटलं, खातं सुटलं खरं, पण यादीतल्या सगळ्यांना कळव, ती लिंक तू पाठवली नव्हतीस म्हणून. नाहीतर लोक उघडत बसतील. बाईंचं काय झालं तेही सांगितलं.

'कळवलं की परवाच.'

'कुणाला?'

'तुला.'

'अरे, मला काय! बाकीच्यांना?'

'बाकीचे कोण? त्यात तू एकटीच आहेस. तुझ्या दुकानाचे फोटो दिसावेत म्हणून तर उघडलं होतं ते.'

दुकान आज उशिरा उघडलं.